‘त्यांनी नेमका शोध कोणता लावला?’ : प्रा. रोहिणी गोडबोले यांच्यावरच्या आक्षेपांना उत्तर

सैद्धांतिक कणभौतिकीतल्या शास्त्रज्ञ प्रा. रोहिणी गोडबोले यांचं २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात निधन झालं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल एक दावा वेगवेगळ्या रूपांत फिरतो आहे. त्याचा आशय असा : सैद्धांतिक कणभौतिकीतल्या लोकांनी चाळीस वर्षं कागदावर नवनवे कण मांडले आणि त्यातला एकही सापडला नाही. गोडबोले यांनी आयुष्य सुपरसिमेट्रीवर, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार आहे या कल्पनेवर, घालवलं आणि जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या एलएचसी या महायंत्राने ती कल्पना निकालात काढली. त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही शोध नाही. शोधनिबंध नेहमी तिघा-चौघांबरोबर, म्हणजे वाटा किती हे कळायला मार्ग नाही. काम सगळं परदेशी यंत्रांसाठी, भारताला उपयोग शून्य. आणि नाव झालं ते स्त्री-वैज्ञानिक म्हणून, वैज्ञानिक म्हणून नव्हे.

मी महाविद्यालयात भौतिकी शिकवते. हा मजकूर माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेला आहे, आणि त्यातल्या काहींना तो पटलेलाही आहे. त्यांना दोष देता येणार नाही, कारण दुसऱ्या बाजूला जे फिरतं तेही तितकंच चुकीचं आहे : पुण्याच्या एका मराठी बाईंनी ‘गॉड पार्टिकल’ शोधला. ही स्तुती पहिल्याच प्रश्नाला कोसळते, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की मागे काहीच नव्हतं. म्हणून आधी हे स्पष्ट करते. हिग्ज बोसॉन, म्हणजे तो ‘गॉड पार्टिकल’, गोडबोले यांनी शोधला नाही. त्यामागचं सैद्धांतिक काम १९६४ चं, तेव्हा त्या हुजूरपागेत शिकणारी मुलगी होत्या. कण सापडल्याची घोषणा ४ जुलै २०१२ रोजी एलएचसीवरच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी केली, ज्यांत हजारो लोक काम करतात. २०१३ चं नोबेल फ्रांस्वा आँग्लेर आणि पीटर हिग्ज यांना मिळालं. यात गोडबोले यांचं नाव घुसडण्याची गरज नाही. त्यांचं स्वतःचं काम पुरेसं आहे.

पहिला आक्षेप : एकही शोध नाही.

इथे ‘शोध’ म्हणजे ‘नवा कण हाती लागणं’ असं धरलेलं आहे. पण कण कसा हाती लागतो ते पाहू. एलएचसीमध्ये सेकंदाला अब्जाच्या घरात प्रोटॉन-टकरी होतात, आणि हिग्ज साधारण अब्ज टकरींमागे एखाद्या टकरीत तयार होतो. तोही तयार होताक्षणी फुटतो. यंत्राला तो दिसतच नाही, दिसतात ते त्याच्या तुकड्यांचे माग. तसेच माग इतर हजार साध्या कारणांनीही उमटतात. मग यातला कोणता माग नव्या कणाचा आणि कोणता नेहमीच्या गोंगाटाचा, हे टक्कर होण्याआधी कुणीतरी गणिताने सांगावं लागतं. हे सांगणाऱ्या शाखेला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. सिद्धांत एका बाजूला, यंत्र दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळेल असं काम मधे. गोडबोले आयुष्यभर या मधल्या जागी उभ्या होत्या.

त्यांचं यातलं एक जुनं काम मला फार महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण म्हणजे क्वार्क. त्यातला बॉटम क्वार्क १९७७ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेत सापडला. त्याला जोडीदार असणार, म्हणजे टॉप क्वार्क असणार, हे जवळपास सगळ्यांना मान्य होतं. तो केवढा जड आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. सर्नमध्ये प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींचं यंत्र सुरू झालेलं होतं. प्रश्न असा की टॉप तयार झालाच तर ओळखायचा कसा? तो फुटताना इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन देतो हे ठीक, पण बॉटम आणि चार्म क्वार्कही फुटताना तेच देतात, आणि ते तर ढिगाने तयार होतात.

१९८३ मध्ये गोडबोले, संदीप पाकवासा आणि डी. पी. रॉय यांचा एक निबंध फिजिकल रिव्ह्यू लेटर्स या भौतिकीच्या नियतकालिकात आला. गोडबोले तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. युक्तिवाद असा होता : बॉटम हलका, त्याचा वेग प्रचंड, त्यामुळे तो फुटल्यावर निघणारा म्यूऑन इतर कणांच्या झोताच्या आतच राहतो, दिंडीत मिसळलेल्या वारकऱ्यासारखा. टॉप जड, त्याचे तुकडे एकमेकांपासून मोठ्या कोनात फेकले जातात, म्हणून त्याचा म्यूऑन झोतापासून सुटा, एकटा निघतो. तेव्हा सुटा लेप्टॉन, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन, शोधा.

आज ऐकायला हे सोपं वाटतं. चांगल्या कल्पनेचं असंच होतं, ती एकदा सगळ्यांची झाली की ती कधीकाळी कुणालातरी सुचावी लागली होती हेच विसरलं जातं. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, सर्नच्या यूए-१ प्रयोगाने सुटा लेप्टॉन आणि दोन झोत अशा मोजक्या घटनांवरून ४० जीईव्हीच्या आसपास (जीईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं आणि ऊर्जेचं एकक, प्रोटॉन साधारण १ जीईव्हीचा) टॉप असल्याचे संकेत मिळाल्याचं जाहीर केलं, आणि ते टिकलं नाही. निकषात चूक नव्हती. इतर प्रक्रियांतूनही सुटे लेप्टॉन किती येऊ शकतात याचा हिशेब कमी पडला होता. टॉप शेवटी १९९५ मध्ये फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉनवर सीडीएफ आणि डी-झिरो या प्रयोगांना सापडला, सर्वांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जड, १७३ जीईव्हीच्या आसपास. तिथेही सुटा लेप्टॉन ही घटना निवडण्याची एक मुख्य अट होती, आणि एलएचसीवर आजही टॉप निवडताना ती अट असते. टॉपच्या शोधाचं श्रेय त्या दोन प्रयोगांचं आहे, यात वाद नाही. पण ‘एकही शोध नाही’ म्हणताना या अटीच्या उगमाजवळ मुंबई विद्यापीठातल्या एका तिशीच्या अध्यापिकेचं नाव आहे, हे झाकून ठेवता येणार नाही.

दुसरं काम यापेक्षा खोल आहे, आणि माझ्या मते तेच त्यांचं सर्वांत मोठं काम. ते प्रकाशाविषयी आहे.

फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शाळेत आपण साधा मानतो. त्याला वस्तुमान नाही, विद्युतभार नाही, आत काही नाही. पुंजभौतिकी मात्र सांगते की पुरेशी ऊर्जा असलेला फोटॉन क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीत रूपांतरित होऊ शकतो. त्या क्षणी त्याच्यावर काही आदळलं, तर टक्कर प्रकाशाशी होत नाही, आतल्या क्वार्कशी किंवा क्वार्कना जोडून ठेवणाऱ्या ग्लुऑनशी होते. प्रकाश त्या वेळी प्रोटॉनच्या भाऊबंदांसारखा वागतो. ही कल्पना गोडबोले यांची नव्हे. फोटॉनच्या या अंतरंगाचं एक मूलभूत गणित एडवर्ड विटेन यांनी १९७७ मध्ये केलेलं होतं. पण प्रत्यक्ष यंत्रात याचा परिणाम किती, एखाद्या टक्क्याचा की खूप मोठा, हे कुणीतरी बसून काढायचं होतं.

गोडबोले आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांनी ते १९८८ मध्ये हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रासाठी काढलं. हेरामध्ये इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांवर आदळणार होते. वेगवान इलेक्ट्रॉनभोवती फोटॉनही असतात, म्हणजे हे यंत्र एका परीने फोटॉन आणि प्रोटॉन यांच्या टकरीचंही होतं. त्यांचा निष्कर्ष असा होता की मध्यम ऊर्जेच्या झोतांच्या बाबतीत फोटॉनचं हे आतलं रूप किरकोळ दुरुस्ती ठरणार नाही, उलट साध्या फोटॉनच्या टकरींवर तेच मात करील. शिवाय ओळखायची खूणही होती : फोटॉनचा एकच क्वार्क टकरीत सामील होतो, उरलेला भाग इलेक्ट्रॉनच्या मूळ दिशेने पुढे जातो आणि तिकडे ऊर्जा सांडतो. तेव्हा हेरा अजून बांधून झालेलं नव्हतं. १९९२ मध्ये ते सुरू झालं, आणि पहिल्याच वर्षाच्या विदेमध्ये (डेटामध्ये) एच-१ आणि झ्यूस या दोन्ही प्रयोगांना हा परिणाम दिसला, त्या सांडलेल्या ऊर्जेसकट. त्याच वर्षी जपानच्या ट्रिस्टन यंत्रावर एएमवाय प्रयोगाला फोटॉन-फोटॉन टकरींतही तेच आढळलं. त्या टकरींचं गणितही ड्रेस आणि गोडबोले यांनी आधी करून ठेवलं होतं.

यंत्र नाही, विदा नाही, आणि चार वर्षं आधी कागदावर मांडलेली गोष्ट दोन खंडांतल्या तीन प्रयोगांना दिसते. सैद्धांतिक कणभौतिकीत ‘कागदावरचं काहीच खरं निघालं नाही’ असं म्हणणाऱ्याने एवढं एक उदाहरण तरी वाचायला हवं होतं.

याच गणिताचा पुढचा टप्पा १९९१ चा. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींची मोठी ताकद म्हणजे त्यांची स्वच्छता. प्रोटॉन हे आतून गर्दीचे, त्यांची टक्कर म्हणजे कणांचा धुरळा. इलेक्ट्रॉन एकसंध, त्यामुळे काय घडलं ते नीट दिसतं. मात्र इलेक्ट्रॉन गोल फिरवले की ते ऊर्जा गमावतात, म्हणून फार मोठ्या ऊर्जेसाठी सरळ रेषेतली यंत्रं योजली गेली. सरळ यंत्रात कणांचे पुंजके एकदाच समोरासमोर येतात, त्यामुळे पुरेशा टकरी व्हाव्यात म्हणून ते काही नॅनोमीटर इतके दाबावे लागतात. इतक्या दाट पुंजक्याचं विद्युतचुंबकीय क्षेत्र समोरून येणाऱ्या कणांना वाकवतं, आणि वाकताना ते फोटॉन फेकतात. यंत्र बांधणाऱ्यांना हे माहीत होतं. ड्रेस आणि गोडबोले यांनी विचारलं : हे फोटॉन एकमेकांवर आदळतील, आणि फोटॉनला अंतरंग आहे हे तर आपण पाहिलं, मग काय होईल? उत्तर : छोट्या झोतांचा असा वर्षाव, की स्वच्छतेचा फायदाच काही आराखड्यांत धोक्यात येईल.

या अंदाजावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या पिसिन चेन, टिमोथी बार्कलो आणि मायकल पेस्किन यांनी वेगळ्या पद्धतीने हिशेब केला आणि आकडे खाली आले. गोडबोले यांच्यावर टीका करणारे हे सांगत नाहीत, स्तुती करणारेही सांगत नाहीत. पण आकडा कमी झाला तरी मुद्दा राहिला. सर्नच्या क्लिक या प्रस्तावित सरळ यंत्राच्या २०१२ च्या आराखड्यात स्पष्ट आकडा आहे : ३ टीईव्ही (म्हणजे ३००० जीईव्ही) ऊर्जेला, पुंजके एकमेकांतून जाण्याच्या दर वेळी, सरासरी ३.२ अशा फोटॉन-टकरी ज्यांतून क्वार्कयुक्त कणांचा वर्षाव होतो. पुंजके येतात दर अर्ध्या नॅनोसेकंदाला. म्हणून तिथले शोधक, म्हणजे कण टिपणारी उपकरणं, कणांच्या येण्याची वेळ नॅनोसेकंदाच्या पातळीवर नोंदवतील अशा बेताने आखावे लागले. म्हणजे त्या दोघांनी दाखवलेला त्रास आता यंत्राच्या रचनेत गृहीत धरला जातो. अशा सरळ यंत्राचा एक दुसरा प्रस्ताव, आयएलसी, त्याच्या शोधकांच्या आराखड्यांवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय सल्लागार गटात गोडबोले होत्या. त्यांच्या तिथल्या जागेमागे, माझ्या मते, मुंबईत बसून केलेलं हे गणित होतं.

ही यंत्रं अजून बांधलेलीच नाहीत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण अब्जावधींचं यंत्र बांधायचं की नाही, कसं बांधायचं, हे ठरवताना त्यात काय बिघडेल हे आधी सांगणाऱ्या माणसाची किंमत यंत्र बांधून झाल्यावरच का लावायची?

दुसरा आक्षेप : सुपरसिमेट्री सापडली नाही, म्हणून आयुष्य वाया गेलं.

आधी एक वस्तुस्थिती. वर सांगितलेल्या कामांत, टॉप, फोटॉन, सरळ यंत्रं, यांत सुपरसिमेट्री कुठेही नाही. हिग्ज आणि टॉप यांच्या नात्यावरचं पुढचं कामही तिच्यावर अवलंबून नाही. सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांच्याबरोबर २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की टॉप फुटल्यावर निघणाऱ्या लेप्टॉनची कोनीय मांडणी, टॉपच्या फुटण्यात काही लहानसा अनोखा परिणाम असला तरी, त्याने जवळजवळ विचलित होत नाही. म्हणून त्या मांडणीवरून टॉप कसा तयार झाला, याची शुद्ध माहिती मिळते. टॉप इतका अल्पायुषी आहे की इतर क्वार्कसारखा कशात बांधला जाण्याआधीच फुटतो आणि आपल्या फिरकीची खबर तुकड्यांकडे देऊन जातो. त्या खबरीचा वापर करायची ही रीत. हिग्जच्या बाबतीत, तो आरशातल्या प्रतिमेसंदर्भात सम आहे की विषम की दोन्हींचं मिश्रण, हे टॉपच्या जोडीबरोबर तयार होणाऱ्या हिग्जवरून कसं ओळखावं, यावर त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध २००८ चा, म्हणजे हिग्ज सापडण्याच्या चार वर्षं आधीचा. तो इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रासाठी होता. हिग्ज आणि टॉपच्या त्याच नात्यावर, प्रोटॉन-टकरींतून, ॲटलास आणि सीएमएस यांनी २०२० मध्ये मोजमाप दिलं, आणि हिग्ज शुद्ध विषम असल्याची शक्यता तीन सिग्मा या संख्याशास्त्रीय मापाहून अधिक खात्रीने नाकारली.

आता सुपरसिमेट्री. होय, त्यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. मानुएल ड्रेस आणि प्रबीर रॉय यांच्याबरोबर २००४ मध्ये त्यांनी या विषयावर जाडजूड पाठ्यग्रंथ लिहिला, आणि या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीने त्यातून धडे घेतले. प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार आहे अशी ही कल्पना. एलएचसीवर असे जोडीदार दिसले नाहीत. ग्लुऑनच्या जोडीदारासाठी आता सुमारे २ टीईव्हीपर्यंतचा टप्पा, नेहमीच्या गृहीतकांखाली, बाद झालेला आहे. एलएचसी सुरू झाल्याबरोबर हे कण दिसतील, असा उत्साह २०१० च्या सुमाराला या क्षेत्रात फार मोठा होता आणि तो चुकीचा ठरला. हे मान्य न करणारा या विषयावर प्रामाणिकपणे बोलतच नाही.

पण ‘निकालात काढली’ म्हणणाऱ्यांनी हे सांगावं की २ टीईव्हीचा आकडा आला कुठून? प्रयोगाने तो काढला, पण असा कण असता तर किती वेळा तयार झाला असता, कशात फुटला असता, त्याची किती ऊर्जा न दिसता निसटली असती, हे आधी ज्यांनी काढून दिलं त्यांच्याच गणिताच्या आधाराने. ज्याचं भाकीत नेमकं नाही, ते खोटंही पाडता येत नाही. कुणी नुसतं ‘कदाचित काहीतरी असेल’ म्हणून थांबलं असतं, तर एलएचसी शंभर वर्षं चालूनही काही नाकारू शकलं नसतं.

आणि या आक्षेपाला सर्वांत चोख उत्तर त्यांनी स्वतः दिलेलं आहे. सुपरसिमेट्रीचं एक मोठं आकर्षण म्हणजे विश्वातल्या कृष्ण पदार्थाचं (डार्क मॅटरचं) स्पष्टीकरण : न्यूट्रलिनो नावाचा, या जोडीदारांतला सर्वांत हलका आणि न दिसणारा कण. हिग्ज अशा न दिसणाऱ्या कणांत फुटू शकतो का, या प्रश्नावर गोडबोले २००१ च्या सुमारापासून फ्रान्समधल्या जेन्व्हिएव्ह बेलांजे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर काम करत होत्या. म्हणजे ही त्यांची स्वतःची, वीस वर्षं जोपासलेली शक्यता. २०२२ मध्ये अमेरिकेत साउथ डकोटाच्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोल, लक्स-झेपलिन प्रयोगाने कृष्ण पदार्थाच्या शोधाचे पहिले निकाल दिले. गोडबोले, बेलांजे, बिप्लब भट्टाचार्जी आणि दोन तरुण संशोधक यांनी ते निकाल आणि एलएचसीचे निकाल एकत्र घेतले आणि तपासलं : हिग्जच्या निम्म्या वस्तुमानाहून हलका न्यूट्रलिनो आता शक्य उरतो का? निष्कर्ष २०२३ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आला. सिद्धांतातल्या एका राशीचं चिन्ह धन असेल तर जवळजवळ सगळं बाद. ऋण असेल तर एक अरुंद फट उरते, आणि तीही कशी तपासता येईल हे पुढे सांगितलेलं.

सत्तरीत, स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर स्वतःच दार लावायला बसलेली ही बाई. तिच्याबद्दल ‘न सापडलेल्या गोष्टीला चिकटून राहिली’ असं लिहिणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हा शब्द मी जपून वापरते आहे.

तिसरा आक्षेप सह-लेखकांचा. तो अज्ञानातून आलेला आहे, म्हणून थोडक्यात. कणभौतिकीत लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने छापतात. गोडबोले, पाकवासा, रॉय या निबंधात त्या पहिल्या, आणि काही वस्तुमानांचा हिग्ज असूच शकत नाही, या टेव्हाट्रॉनच्या दाव्यातल्या अनिश्चितता कमी लेखल्या गेल्या आहेत, असं ठामपणे सांगणाऱ्या २०११ च्या निबंधात त्या चौघांत शेवटच्या. दोन्ही ठिकाणी कारण एकच, जी हे अक्षर. पहिलं नाव कुणाचं यावरून जीवशास्त्रात काही अर्थ निघत असेल, इथे निघत नाही. उद्धृतांच्या (सायटेशनच्या) एकूण आकड्यावर मीही विसंबणार नाही, कारण मोठ्या यंत्रांच्या आराखड्यांवर शेकडो जणांच्या सह्या असतात आणि ते आकडे सगळ्यांच्याच खात्यात जमा होतात. म्हणूनच वर मी आकडा सांगितला नाही, काम सांगितलं. आणि त्या कामातले बरेचसे निबंध दोघांचे, तिघांचे, पाचांचे आहेत.

चौथा : परदेशी यंत्रांसाठी काम, भारताला उपयोग नाही.

एलएचसी ‘परदेशी’ आहे हेच मुळात अर्धसत्य आहे. त्याची प्रत्येकी ३०-३५ टनांपर्यंत वजनाची चुंबकं अचूक बसवणारे जॅक इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या पुढाकाराने भारतातून गेले. सीएमएस प्रयोगाच्या एका भागाची बांधणी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केली. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. या प्रयोगांत बसून विदा तपासणारी भारतीय मुलंमुली आहेत, आणि त्यांना काय शोधायचं हे शिकवणारं कुणीतरी इथे असावं लागतं.

ते शिकवणं गोडबोले यांनी केलं. पुण्यात सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत स्टोनी ब्रूकमधून १९७९ मध्ये पीएच.डी. आणि त्याच वर्षी परत टाटा संस्थेत. १९८२ ते १९९५ त्या मुंबई विद्यापीठात होत्या, म्हणजे संशोधनसंस्थेच्या निवांत खोलीत नव्हे, तर वर्ग, प्रश्नपत्रिका, तपासणी यांच्या चक्रात. हेराचा निबंध आणि सरळ यंत्रांचा निबंध, दोन्ही या चक्रातून निघालेले आहेत. आमच्यासारख्या विद्यापीठीय शिक्षकांना ही गोष्ट फार मोलाची वाटते. १९९५ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि अखेरपर्यंत त्या संस्थेशी जोडलेल्या राहिल्या. देशभरच्या फेनॉमेनॉलॉजीच्या कार्यशाळा, ज्यांना सगळे ‘व्हेप’ म्हणतात, आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या शाळा उभ्या राहिल्या त्यात त्यांचा वाटा आहे. त्या कार्यशाळांत पाहुण्यांची व्याख्यानं ऐकून घरी जायचं नसतं, गट करून नवा प्रश्न हाती घ्यायचा असतो. अनेक तरुण भारतीय संशोधकांचे पहिले निबंध तिथल्या गटांतून निघाले आहेत.

राहिला शेवटचा, आणि मला सर्वांत झोंबणारा आक्षेप : नाव झालं ते स्त्री म्हणून.

तारखा पाहा. सुट्या लेप्टॉनचा निबंध १९८३. हेरा १९८८. सरळ यंत्रं १९९१. भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापकपद १९९८. यातल्या कशाच्याही वेळी त्या कुठल्या स्त्री-वैज्ञानिक समितीच्या चेहरा नव्हत्या. भारतीय विज्ञान अकादमीच्या महिलाविषयक कामात त्या पुढे आल्या ते २००० नंतर. राम रामस्वामी यांच्याबरोबर संपादित केलेलं ‘लीलावतीज डॉटर्स’, ज्यात भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांच्या कहाण्या आहेत, ते २००८ चं. त्या वेळी त्यांचं भौतिकीतलं नाव पक्कं झालेलं होतं, आणि म्हणूनच अकादमीला त्यांचं म्हणणं टाळता आलं नाही. क्रम उलटा लावला की माणूस लहान दिसतो, आणि हा आक्षेप नेमकं तेच करतो.

त्या कामाकडे ‘बाजूचं काम’ म्हणून पाहणंही मला मान्य नाही. पीएच.डी. करणाऱ्या मुली कितीतरी, आणि पुढे कायम पदावर पोचणाऱ्या थोड्या. त्या मधे कुठे गळतात, हा प्रश्न त्यांनी सहानुभूतीचा न ठेवता मोजमापाचा केला : नोंदी ठेवा, नेमणुकांच्या समित्यांत कोण बसतं ते पाहा, मूल लहान असताना दोन-चार वर्षं बाहेर पडलेल्या बाईला परत यायची वाट ठेवा, नवरा-बायको दोघंही संशोधक असतील तर एकाच संस्थेत दोघांना घ्यायला अलिखित मनाई कशासाठी ते विचारा. टकरींच्या गोंगाटातून खरा माग वेगळा काढणारी शिस्त इथेही तीच होती. २०१९ च्या पद्मश्रीच्या वेळी आणि २०२१ मध्ये फ्रान्सने दिलेल्या सन्मानाच्या वेळी दोन्ही कामांचा उल्लेख झाला, आणि त्यात खटकण्यासारखं काहीही नाही.

माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी तो मजकूर मला पाठवला होता, त्यांना मी उलट पाठवला तो १९८८ चा हेराचा निबंध आणि त्याच्याखाली १९९२ च्या निकालांतली ऊर्जेची आकृती. त्यातल्या दोघींनी आता फोटॉनच्या अंतरंगावर सेमिनार घेतला आहे.